अस्तर लावलेल्या दोन टोप्या

आमच्या घरातल्या एका पोरीची शाळा टोपीच्या अस्तरापायी राहिली, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. त्यांनी जकातीचा कारभार बघितलेला नाही आणि आमच्या आक्कांनाही बघितलेलं नाही.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्न होऊन मी बेळगावात आले तेव्हा त्या माहेरीच होत्या. त्यांना जांबोटीला दिलं होतं. थोडी वर्षं संसार झाला आणि नवरा हिवतापानं गेला. सासरच्यांनी आक्कांना माहेरी आणून सोडलं, पण पोरगी ठेवून घेतली. पोरगी त्यांच्या रक्ताची आणि आक्का परक्या, असा त्यांचा न्याय. वर सासरे त्यांना सोडून परत जाताना सांगून गेले, की आधी स्वतःचं बिऱ्हाड कर, पोरीला दोन घास घालायची ऐपत दाखव, मग खुशाल घेऊन जा. भावाच्या दारात आमची पोर उष्ट्याखरकट्यावर वाढायची नाही. बोलणं मला फार लागलं, कारण ते दार आता माझंही होतं. पण म्हातारा शब्दाचा पक्का होता. एवढं एकच त्याच्याबद्दल चांगलं बोलते मी.

आक्कांना पोरगी जवळ हवी होती ती नुसती मायेनं नव्हे. जांबोटीत तेव्हा पोरींना कुठली शाळा? भाताची खाचरं, गुरं, आणि पाऊस सुरू झाला की महिनोन्‌महिने घरात धूर. आक्कांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. बाजारात दुकानांवरच्या पाट्या बघत उभ्या राहायच्या आणि मला विचारायच्या, हे काय लिवलंय गं? मी वाचून दाखवलं की म्हणायच्या, आमची पोर वाचंल एक दिवस. दुसरं काही त्यांनी देवाकडेही मागितलं नसेल.

आमचे हे कॅम्पातल्या एका शेटजींच्या दुकानात कामाला होते. दुकान टोप्यांचं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. कॅम्पातल्या मडमा, त्यांची पोरं, रेल्वेतले गोरे आणि निमगोरे, सगळ्यांना उन्हात सुती हॅट लागायची. माल आगबोटीनं गोव्याच्या बंदरात उतरायचा आणि रेल्वेनं घाट चढून लोंढ्यावरून बेळगावला यायचा. घाटमाथ्यावर गोव्याची हद्द संपून इंग्रजाची लागते, तिथं जकात. माल खाली उतरवून, खोकी फोडून बघितल्याशिवाय गाडी पुढं सरकायची नाही.

त्या जकातीत म्हणे एक जाडजूड पुस्तक होतं आणि जगातली प्रत्येक वस्तू कुठं बसवायची ते त्यात ठरवलेलं होतं. हे मला मागाहून समजावून सांगायचे, "पंगतीत कसं, कुणाचा पाट कुठं ते आधीच ठरलेलं असतं, तसं." तयार सुती टोपीचा पाट निराळा, तिला जकात जास्त. नुसती शिवलेली टोपी, आत अस्तर नाही, भोवती फीत नाही, कपाळाला लागायची चामड्याची पट्टी नाही, तिचा पाट निराळा. ती अजून टोपी झालीच नाही, कच्चा माल, म्हणून जकात कमी. आमचे शेटजी काय कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते तयार टोप्या मागवायचेच नाहीत. कच्च्या मागवायचे आणि बेळगावातल्या बायकांकडून पुऱ्या करून घ्यायचे. त्यात लबाडी काही नव्हती हो, सगळं दिवसाउजेडी चालायचं. आम्ही बायका त्या कच्च्या टोप्यांना टोपडी म्हणायचो.

हे काम आमच्या पडवीत आलं ते आक्कांच्या हातामुळं. त्यांचा टाका असा बारीक, की अस्तर कुठं संपलं आणि टोपी कुठं सुरू झाली ते बोटाला कळायचं नाही. त्यांनीच आळीतल्या आणखी काही जणींना शिकवलं. दुपारची जेवणं उरकली की सगळ्या पडवीत येऊन बसायच्या. मी फिती कापून द्यायची, कारण माझी शिलाई बघून आक्का म्हणायच्या, तुझ्या टाक्यातनं बैलगाडी जाईल. ते दिवस खादीचे. समोरची म्हातारी येता-जाता टोमणा मारायची, परदेशी टोप्या शिवताय, पाप लागंल. आक्का मान वर न करता उत्तर द्यायच्या, "टोपी परदेशी, अस्तर बेळगावचं. निम्मंच पाप लागंल, आजी." आमचे हे तर त्याहून भारी. अंगात खादीचा सदरा, डोक्याला खादीची टोपी आणि दिवसभर विकायच्या मडमांच्या हॅटी.

आक्कांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रिकामं भांडं त्यांनी जन्मात कुणाला परत केलं नव्हतं. तशी ती रीत आपल्याकडं घरोघर आहे, पण आक्कांचं म्हणजे अतीच. शेजारणीची विरजणाची वाटी आली तरी जाताना तिच्यात गुळाचा खडा नाहीतर मूठभर तांदूळ. घरात काहीच नसलं तर परसातली कढीलिंबाची डहाळी. मी एकदा एक तांब्या तसाच परत दिला तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "आपल्या हातनं दुसऱ्याच्या दारात जाईल ते भरलेलं जावं गं. रिकामं गेलं की आपलंच नाक जातं." शिवणाचंही तेच. दोरा लोंबता असलेली टोपी त्यांनी कधी दुकानात जाऊ दिली नाही.

काम बरं चाललं आणि एक दिवस आक्कांनी खोली बघितली. टिळकवाडीत एका मास्तरांच्या बंगल्याच्या मागच्या अंगाला, वेगळ्या दाराची. मुलींची शाळा तिथून हाकेवर. मास्तरीणबाई भली होती. ती म्हणाली, या तुम्ही, मुलीचं शाळेत नाव घालायचं मी बघते. आक्का माझ्यासोबत जाऊन खोली सारवून आल्या. येताना भांड्यांच्या दुकानात थांबून एक लहानसा पितळी तांब्या घेतला, पोरीच्या हाताला झेपेल एवढा. जांबोटीला निरोप गेला, की दिवाळी झाली की पोरीला न्यायला येते. म्हाताऱ्याचा उलट निरोप आला, या. आक्कांना मी तेव्हा पहिल्यांदा पदराआड तोंड न लपवता हसताना बघितलं.

आणि नेमका त्याच सुमाराला जकातीवर नवा साहेब आला.

शेटजींचा टोपड्यांचा माल आला तो त्यानं अडवून ठेवला. त्याचं म्हणणं, ही सरळसरळ टोपी दिसते, हिला कच्चा माल कोण म्हणतं? शेटजींनी कळवलं, की असलाच माल आजवर कच्चा म्हणून सुटत आलाय, आणि तो खरोखर कच्चाच आहे. साहेब न्यायाला धरून होता म्हणायचा. त्यानं उलट निरोप धाडला, की मागं सुटलेल्या मालातले दोन नग घेऊन माणूस पाठवा, मी दोन्ही शेजारी ठेवून बघतो आणि ठरवतो. दुकानातला माल सगळा पुरा झालेला. कोरी टोपडी उरली होती ती आमच्या पडवीत. हे दुपारी घाईघाईनं घरी आले. आक्कांना म्हणाले, साहेबाला बघायला दोन टोपडी पाहिजेत, बांधून ठेवा, मी पहाटेच्या गाडीनं निघणार. तो काय ठरवतो त्याच्यावर सगळं काम आहे, हेही सांगितलं. एवढं बोलून आल्या पावली दुकानात गेले.

ह्यांच्या मनात काय होतं ते आता कुणालाही कळेल. साहेबाला कोरी टोपडी बघायची होती. ते बोलून दाखवायची ह्यांना गरजच वाटली नाही. पण आक्कांना आणि मला तेव्हा काय कळणार पाटाचं आणि पंगतीचं? त्यांना एवढंच कळलं, की एक मोठा साहेब आपलं काम बघणार आहे आणि त्याला पसंत पडलं तर काम राहणार आहे. आणि अशा माणसाच्या दारात रिकामं टोपडं पाठवायचं? त्यांनी ढिगातली दोन टोपडी निवडली, डाग बघितला, काठ दाबून बघितला. मग अस्तर काढलं ते रोजचं नव्हे, जरा बरं होतं ते. मी फीत कापून दिली. दिवेलागणीच्या आत दोन्ही टोप्या पुऱ्या झाल्या. आक्कांनी त्या मुठीवर धरून फिरवून फिरवून बघितल्या. खरं सांगते, तितक्या देखण्या टोप्या कॅम्पातल्या काचेच्या कपाटातसुद्धा नव्हत्या. मग मंजरपाटात गुंडाळून दाभणानं पुडकं शिवून टाकलं, वाटेत धूळ लागू नये म्हणून. हे आले, पुडकं हातात घेऊन बघितलं, आणि पहाटे गाडीत बसले.

पुढचं मला ह्यांनी सांगितलं ते असं. साहेबासमोर टेबलावर अडवलेल्या मालातली टोपडी मांडलेली. ह्यांनी पुडक्याची शिवण उसवली आणि आतून अस्तर, फीत, पट्टी लावलेल्या दोन तयार टोप्या निघाल्या. साहेबाला आधी वाटलं, शेटजी आजवर तयार टोप्या कच्च्या म्हणून सोडवत होता. ह्यांनी हात जोडून सांगितलं, की नाही, हे माझ्या बहिणीनं काल घरात बसून शिवलंय, फीत बेळगावच्या बाजारातली आहे. जकातीतल्या बाबूनं ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं भिंग लावून टाके बघितले, फीत बघितली, आणि त्याला ते पटलं. चोरीचा आळ गेला. पण तो बाबूला म्हणाला, की मग तर प्रश्नच मिटला. घरातली एक बाई एका दुपारीत जे पुरं करते, ते आलं तेव्हाच टोपी होतं. अस्तर नसलेली टोपीही टोपीच. इथून पुढं दोन्हींचा पाट एकच.

माझा त्या साहेबावर अजून राग आहे. पण त्याचं खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. आक्का थोड्या वाईट शिवत्या तर त्याला एवढं सोपं वाटलं नसतं.

हे संध्याकाळच्या गाडीनं परत आले. आक्का पडवीत बसल्या होत्या. ह्यांनी आवाज चढवला नाही. सदरा खुंटीला लावला, भिंतीला टेकून बसले आणि सगळं सावकाश सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आक्का ऐकत राहिल्या. त्यांना नीट कळेपर्यंत ह्यांना दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर त्यांनी मांडीवरचे दोरे झटकले. मग विचारलं, "आप्पा, त्यानं टाकं बघितलं का रं?"

"व्हय आक्का," हे म्हणाले. "लई चांगलं हाय म्हणाला."

आक्कांनी मान हलवली आणि आत निघून गेल्या.

शेटजींनी कुणाला दोष दिला नाही. ते व्यापारी माणूस. दोन्हींना जकात सारखीच, तर मग कच्च्या मागवून बायकांच्या हातात द्यायचं कारणच काय? पुढचा माल त्यांनी तयारच मागवला. पडवीत जी टोपडी उरली होती ती आम्ही पुरी करून दिली आणि एका दुपारी शिवायला काही उरलंच नाही. सवयीनं बायका आल्या, बसल्या, आणि उठून गेल्या. आळीत बोलणी झालीच. हात दाखवून अवलक्षण, असं समोरची म्हातारी म्हणाली. मी तिला चांगलं खडसावलं, पण म्हण खोटी नव्हती.

आक्कांनी दुसरं काम बघितलं नाही असं नाही. खणांना काठ लावले, लोकांच्या गोधड्या शिवल्या. त्यात एका जिवाचं भागायचं, बिऱ्हाड व्हायचं नाही. आम्ही दोघांनी त्यांना म्हटलं, पोरीला इथंच आणा, आम्ही काय जेवायला घालणार नाही? पण जांबोटीचा म्हातारा शब्दाचा पक्का होता ना. स्वतःचं बिऱ्हाड म्हणजे स्वतःचं बिऱ्हाड. ह्यांनी दोन वेळा जाऊन हातापाया पडून बघितलं. म्हातारा काही बधला नाही. टिळकवाडीची खोली मास्तरांनी दिवाळीपर्यंत राखली आणि मग दुसऱ्याला दिली. आक्कांनी आम्हाला देवासमोर उभं करून शपथ घातली, पोरीला यातलं काही सांगायचं नाही. माझी आई टोपीपायी आली न्हाय असं तिनं जन्मभर म्हणायचं का, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं नव्हतं, पण पोर त्यांची होती.

पोरीचं लग्न परकर नेसायच्या वयातच झालं, खानापूरकडच्या एका खेड्यात. आक्का लग्नाला जाऊन मांडवाच्या कडेला उभ्या राहून आल्या. पोरगी मोठी झाली, संसाराला लागली. गुणाची होती. दरसाल नवं भात कांडलं की आईसाठी पितळी डब्यात तांदूळ पाठवायची, कुणी ना कुणी बाजाराला येणारा घेऊन यायचा. आक्का तांदूळ काढून घ्यायच्या, हुंगायच्या, डबा चिंचेनं लख्ख घासायच्या आणि रिकामा परत पाठवायच्या.

रिकामा! आक्का! ज्यांनी शेजारणीची वाटी कधी रिकामी पाठवली नाही त्यांनी पोटच्या पोरीचा डबा रिकामा पाठवायचा? पहिल्या वर्षी मला वाटलं, विसरल्या. मी मुठीत साखर घेऊन पुढं झाले तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "नगं. माझ्या हातनं एकदा भरून गेलं आन्‌ तिचं वाटोळं झालं. आता तिच्या दारात माझ्याकडनं भरलेलं काय जायचं न्हाय." मी वाद घातला. असलं काही नसतं, असं पुष्कळ सांगितलं. दुसऱ्या कुणाचीही वाटी त्या पहिल्यासारखीच भरून द्यायच्या. तो एक डबा तेवढा दरसाल रिकामा गेला.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आक्का गेल्या. कॅम्पातले साहेब आणि मडमा बोचकी बांधून निघाल्या होत्या, शेटजींच्या दुकानात हॅट विचारायला कुत्रं येत नव्हतं, जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या टोप्या. त्या टोप्यांना अस्तरच नसतं. मला त्या दिवसांत उगीचच सगळ्यांचा राग यायचा.

पोरगी आक्कांच्या दिवसकार्याला आली. पोरगी कसली, कडेवर मूल होतं तिच्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि निघायच्या दिवशी फडताळातला तो पितळी डबा तिच्या नजरेला पडला. मागल्या सालचा, परत पाठवायचा राहिलेला. तिनं तो खाली काढला, झाकण उघडून आत बघितलं आणि मला म्हणाली, "मामी, एवढ्या वर्सांत आईनं ह्यात कधी चिमूटभर साखर घातली न्हाय. मी तिला एवढी नकोशी हुतो का गं?"

मग मात्र मी शपथ-बिपथ बाजूला ठेवली. आक्का गेल्या होत्या, आणि ही पोर हे असलं मनात घेऊन घरी जाणार होती. मी तिला चुलीपाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. पडवी, टोपडी, जकातीचा साहेब, त्या दोन टोप्या, टिळकवाडीची सारवलेली खोली, शाळा. ह्या डब्याचंही सांगितलं. फळीवरचा लहान तांब्या काढून तिच्या पुढ्यात ठेवला. आक्कांनी तो इतक्या वर्षांत कुणाला पाणी प्यायलासुद्धा दिला नव्हता.

ती तांब्या हातात धरून बसली. आता तो तिच्या तळहातात मावत होता. मग म्हणाली, की आज्यानं तिला सांगितलं होतं, दिवाळी झाली की तुझी आई न्यायला येणार. परकर-पोलकं बोचक्यात बांधून ती रोज वाटेच्या वळणावर जाऊन बसायची. जांबोटीला तेव्हा मोटार कधीमधी यायची, ती आली की उठून उभी राहायची. शिमगा आला तोवर बसत होती. मग आजीनं बोचकं सोडलं आणि परकर खुंटीला लावला. कुणी काही बोललं नाही, आणि तिनंही कुणाला विचारलं नाही.

मी उठले, तांदळाच्या कणगीत हात घातला आणि डबा भरायला ओंजळ पुढं केली. तिनं डब्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नगं मामी," ती म्हणाली. "आईनं दिलाय तसाच दे."

मी ओंजळ परत कणगीत सोडली. झाकण घट्ट बसवून डबा तिच्या पिशवीत ठेवला.